रकाना क्रमांक सात

अर्ज माझ्याच टेबलावरून गेले, एकूण एकोणचाळीस.
महापालिकेच्या छापील कागदावर रकाना सातवा :
‘पर्यावरणपूरक उपाययोजना, थोडक्यात लिहा.’
थोडक्यात कुणीच लिहिलं नव्हतं.
होटगी रोडच्या एका शोरूमवाल्याने तर रंगीत फोटो जोडले होते
चार कुंड्यांचे, चारी बाजूंनी.

नरसय्या गुंडेटीचा अर्ज भिजून वाळलेला.
जोडभावी पेठ. सूत रंगवण्याचा कारखाना. कामगार सहा.
सातव्यात, शाळकरी मुलीच्या अक्षरात :
‘आधी पिवळा. मग केशरी. मग लाल.
मग वांगी. शेवटी काळा.
एकाच पाण्यात.’

मला वाटलं, दुसऱ्याच कुठल्या कागदावरची यादी
चुकून इथे उतरली.
म्हणून गेलो दुपारचा, रुमाल डोक्याला बांधून.
पत्र्याखाली हौद, वाफ,
बांबूवर ओल्या लड्या टपटपत,
आणि कोपरापर्यंत वांगी झालेला नरसय्या.

‘पाणी पाच दिवसाला येतंय की साहेब.
आलेलं एकदाच वापरून सोडायचं म्हणजे
जावयाला जेवायला बोलवायचं
आन् एका घासावर उठवायचं.
फिकट आधी, गडद मागनं.
पिवळ्याचं उरलेलं केशरीला चालतंय,
लालचं वांग्याला.
काळा तर काय, कुणाचंबी पोटात घेतोय.’

मी विचारलं, आणि काळ्यानंतर?

तो हात पुसत राहिला.
मग मागच्या दारानं नेलं.
उतरते तीन खड्डे : कोळसा, वाळू, विटांचे तुकडे.
तिसऱ्यात वाळा लावलेला, गुडघाभर.
शेवटी एक फुटका रांजण, त्यात पाणी
पातळ चहाच्या रंगाचं.
‘पांढरं होत न्हाई अजून,’ तो म्हणाला.
‘हेबी लिहायचं का?’

रकान्यात जागा नव्हती.

उंबऱ्यावर त्याची आई, राजामणी, सूप मांडीवर घेऊन
विड्या वळत होती. मान वर न करता म्हणाली,
पूर्वी नाल्यात बघून कळायचं
आज कुणाकडं काय चाललंय.
हिरवा आला की लुंगीवाले.
लाल आला की लग्नसराई.
कॅलेंडर होतं ते आमचं.
हसली ती. मग कातरीनं
पानाचे दोन तुकडे केले, सारखे,
आणि बराच वेळ पुढचं पान घेतलं नाही.

समारंभ शनिवारी झाला, ठरल्यापेक्षा दीड तास उशिरा.
‘हरित उद्योजक’ असा फलक, फ्लेक्सचा.
पुष्पगुच्छ, प्लास्टिकमध्ये गुंडाळून.
पहिला क्रमांक पत्रावळी न सोडणाऱ्या एका खानावळीला,
तो रास्तच होता.
दुसरा चार कुंड्यांना.
नरसय्याला उत्तेजनार्थ.
नाव पुकारलं ‘नरसिंह गुंडेती’,
तरी तो उठला. इस्त्रीचा शर्ट,
बाह्या मनगटापर्यंत उतरवलेल्या.

सत्कार म्हणून टॉवेल होते, आपल्या गावचे,
लाल काठाचे.
गळ्यात पडलेला टॉवेल त्याने तिथेच, मंचावर,
हातात घेतला. उलटा केला.
अंगठा जिभेला लावला
आणि काठावर चोळला.
सवयच ती, दुसरं काही नसावं.
फोटोवाला म्हणत होता, इकडे बघा, इकडे बघा.

तो अंगठ्याकडे बघत होता.

मग त्याने सभागृहात मला शोधलं.
रागाने नव्हे. हौदापाशी एखादा कामगार
दुसऱ्याला लडी दाखवतो तसा
अंगठा जरासा वर धरला.
लाल.

टाळ्या चालूच होत्या. मी हातातली यादी चाळू लागलो.
शंभर टॉवेल, दर सर्वांत कमी,
ती फाईलही
माझ्याच टेबलावरून गेली होती.